ब्रेक सोडवायला औषध लागतं तरी किती?

प्रतिकारशक्तीची टी पेशी शत्रूला ओळखते ती स्पर्शाने. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. त्यातला एखादा परका तुकडा टी पेशीच्या रिसेप्टरमध्ये काही सेकंद जरी बसला, तरी आत संदेशांची साखळी सुरू होते. रिसेप्टरमध्ये असा नेमका बसणारा रेणू म्हणजे त्याचा लिगँड. मात्र तेवढ्यावर हल्ला होत नाही. सीडी-२८ या दुसऱ्या रिसेप्टरचाही होकार लागतो.

आणि नकार देणाराही एक असतो, पीडी-१. क्योटो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला तो सापडला, हे १९९२ साली जाहीर झालं. पेशीच्या मरणाशी त्याचा संबंध असावा, असा तेव्हाचा अंदाज होता. पुढे पीडी-१ नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच अवयवांवर उलटली. पीडी-१ म्हणजे टी पेशीचा ब्रेक, हे तेव्हा उमगलं.

हा ब्रेक दाबणारा लिगँड म्हणजे पीडी-एल१. लढताना टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडते आणि त्याच्याच प्रभावाने कर्करोगाची पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ वाढवते. हल्ल्यातूनच हल्ला थांबवण्याची सोय! या विषयात मला सर्वांत अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. निवोलुमॅब हे औषध पीडी-१वर बसून ती जागा अडवतं, त्यामुळे ब्रेक दाबलाच जात नाही. होंजो यांना २०१८ साली जेम्स ॲलिसन यांच्यासह नोबेल मिळालं.

औषध मात्र किमतीमुळे बहुतेक भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर राहिलं. पण एवढं औषध लागतंच का? रिसेप्टरांची संख्या मर्यादित असते. ते सगळे अडले की जादा औषधाला काम उरत नाही. रूढ डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरची ही चाचणी. निव्वळ तोंडावाटे औषधं घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर १६.३ टक्के हयात होते. जोडीला निवोलुमॅब मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के.

या चाचणीत पूर्ण डोसशी तुलना नव्हती, म्हणून कमी डोस त्याच्या तोडीचा आहे, असं यावरून म्हणता येणार नाही. ती तुलना व्हायलाच हवी. आपलंच औषध कमी खपावं यासाठी कोणती कंपनी खर्च करेल? हा पैसा सरकारने द्यायला हवा.