क्रँक निघत नाहीये? हातोड्याआधी मोबाइलचा टॉर्च काढा

मागच्या भागात चेन धुतली, आज त्याच्या पुढचं काम. क्रँक काढायचा. क्रँक म्हणजे पायडल ज्याला लावलेलं असतं तो दांडा. पायडल मारताना खालून 'कट्‌ कट्‌' आवाज येतोय, बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग बदलायचंय, तर आधी क्रँक उतरवावाच लागतो. आणि नेमका इथेच घात होतो.

माझा झाला होता. सायकल दादाची. तो गावी गेला होता, मी म्हटलं येईपर्यंत आवाज घालवून ठेवतो, खूश होईल. व्हिडिओ बघितला, पुलर आणला, लावला, फिरवला. घट्ट लागला. मी अजून जोर लावला. एकदम सैल झाला! मला वाटलं, निघाला. बाहेर आला तो फक्त पुलर, आणि त्याच्यासोबत क्रँकच्या आतले सगळे आटे, चकचकीत तारेसारखे गुंडाळून. क्रँक जागच्या जागी.

का झालं ते सांगतो, पण आधी आपला क्रँक कुठल्या जातीचा आहे ते ओळखू. कारण पद्धत त्यावर ठरते.

पहिला: कॉटर पिनवाला. आजोबांची काळी सायकल, दूधवाल्यांची सायकल. क्रँक जिथे एक्सलला मिळतो तिथे एक आडवी पिन आरपार गेलेली दिसेल, एका टोकाला नट. ही पिन पाचरीसारखी असते. नट सोडवा, पण पूर्ण काढू नका. पिनच्या टोकाशी बरोबर येईल इतपत ठेवा, म्हणजे ठोकताना पिनचे आटे चेपणार नाहीत. आता महत्त्वाचं: क्रँकच्या खाली जाड लोखंडी पाइप किंवा ठोकळा उभा टेकवा, पिनचं जाड टोक मोकळं राहील असा. टेकू नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर जातो. आणि दहा वेळा टुकटुक करू नका, एकच नीट दणका द्या. बसवताना पिन नवीनच घाला, फार महाग नसते. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने जातात. चुकलं तर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत.

दुसरा: चौकोनी एक्सलवाला. बहुतेक साध्या गिअरवाल्या सायकलींना हाच. मधलं प्लास्टिकचं झाकण काढलं की बोल्ट दिसतो. १४ मिमीचा बॉक्स पाना किंवा ८ मिमीची अ‍ॅलन की लागते. पायडलचं डावं-उजवं उलटं असतं, पण हे बोल्ट दोन्ही बाजूंना नेहमीसारखेच, घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात. बोल्ट निघाला तरी क्रँक निघत नाही, कारण तो निमुळत्या चौकोनावर दाबून बसवलेला असतो. त्यासाठी पुलर.

आणि इथेच माझी चूक. बोल्टखाली एक वॉशर होता. बोल्ट बाहेर आला, वॉशर आतच चिकटून राहिला, ग्रीसने काळा झालेला, दिसलाच नाही. पुलरचा दांडा एक्सलला ढकलायच्या ऐवजी त्या वॉशरला, म्हणजे क्रँकलाच ढकलत होता. क्रँक स्वतःलाच कसा ढकलून बाहेर येणार? मग सगळ्यात कच्चं जे होतं ते तुटलं, अ‍ॅल्युमिनिअमचे आटे.

म्हणून क्रम लिहून घ्या:

१. बोल्ट काढल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. वॉशर असेल तर काढा. चौकोनी एक्सलचं टोक स्पष्ट दिसलं पाहिजे.

२. क्रँकचे आटे जुन्या ब्रशने साफ करा.

३. पुलरचा आतला दांडा पूर्ण मागे घ्या. मग बाहेरचा भाग हाताने फिरवत शेवटपर्यंत बसवा. दोनच आट्यांवर लटकला असेल तर जोर लावूच नका.

४. आता आतला दांडा पान्याने फिरवा. जड जाईल, मग क्रँक हळूच सरकेल.

एक्सल चौकोनी नसून पोकळ, खाचांची असेल तर जाड टोकाचा पुलर लागतो. बारीक टोकाचा पोकळीत घुसतो.

तिसरा: पुलर न लागणारे. डाव्या क्रँकवर शेजारी शेजारी दोन छोटे बोल्ट दिसले तर ते ५ मिमीच्या अ‍ॅलनने ढिले करा, मधली प्लास्टिकची टोपी तिच्या खास चावीने काढा, फटीतली छोटी पट्टी उचला, डावा क्रँक हाताने निघतो. मग चेन उतरवून उजवी बाजू एक्सलसकट बाहेर. काही क्रँकमध्ये पुलर आतच असतो: ८ मिमीची अ‍ॅलन फिरवत राहा, आधी घट्ट, मग सैल, मग परत घट्ट. ती दुसरी घट्ट म्हणजे क्रँक निघतोय. घाबरून थांबू नका.

आता, सगळं बरोबर करूनही हलत नसेल तर? पावसात वापरलेल्या सायकलींचं असं होतं. अ‍ॅल्युमिनिअमचा क्रँक, लोखंडी एक्सल, मध्ये पाणी, दोन्ही एकमेकांना धरून बसतात. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा. सकाळी क्रँकवर उकळतं पाणी ओता. गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढी फट पुरते. लगेच पुलर लावा.

आणि आटेच गेले असतील, माझ्यासारखे? मी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, "बोल्ट परत लाव, दोन आटे ढिला ठेव, आणि गल्लीत चक्कर मार. बसूनच चालव, उभा राहू नकोस." तिसऱ्या चकरेला क्रँक डुगडुगायला लागला, चौथ्या चकरेला हाताने निघाला. पण हा शेवटचा उपाय. यात क्रँकचं चौकोनी भोक खराब होतं, तो परत वापरायचा नाही. गर्दीच्या रस्त्यावर तर अजिबात नको. आधी गॅरेजमध्ये बेअरिंग काढायचा दोन पायांचा पुलर मिळतो का बघा.

परत बसवताना बोल्ट नीट आवळा. साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटर. दोन-तीन राइडनंतर पुन्हा तपासा. ढिला क्रँक चढावर उभं राहून पायडल मारताना निसटला तर दात रस्त्यावर येतात, हे मस्करीत नाही सांगत.

दादा आला तेव्हा सायकल आवाज करत नव्हती. त्याने खाली बघून विचारलं, "डावा क्रँक वेगळ्या रंगाचा कसा काय?" मी खिशातून तो वॉशर काढून त्याच्या हातावर ठेवला. तो अजून त्याच्या चावीच्या जुडग्यात आहे.

पुढच्या भागात बॉटम ब्रॅकेट उघडू. तोपर्यंत आपापल्या सायकलखाली वाकून बघा, तुमचा क्रँक कुठल्या जातीचा ते. भेटूच!