घटस्फोट व पुनर्विवाह, ख्रिस्ती धर्मातील

विवाह हा पतिपत्नींचा आजीव संबंध होय, ही ख्रिस्ती धर्माची मूळ शिकवण असून ती सर्व प्रमुख पंथांना मान्य आहे. मतभेद आहे तो निराळ्या प्रश्नावर : विवाहबंधन तोडू नये, असा येशूच्या वचनाचा अर्थ आहे, की ते तुटूच शकत नाही, असा? पहिल्या अर्थाने घटस्फोट हा दोष ठरतो. परंतु तो घडून गेल्यावर पुनर्विवाहाचा विचार करता येतो. दुसऱ्या अर्थाने पहिला जोडीदार हयात असताना केलेला दुसरा विवाह हा विवाहच ठरत नाही. पंथापंथांतील नियमभेद मुख्यतः यातून उद्‌भवले आहेत.

बायबलमधील आधार : जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात (२४ : १–४) पतीने सूटपत्र देऊन पत्नीस पाठवून देण्याची प्रथा गृहीत धरलेली आहे. सूटपत्र कोणत्या कारणास्तव द्यावे, याविषयी यहुदी शास्त्र्यांत वाद होता. शम्मायचा संप्रदाय लैंगिक अनाचाराखेरीज अन्य कारण मानीत नसे, तर हिल्लेलचा संप्रदाय क्षुल्लक कारणही पुरेसे समजे. परूश्यांनी याविषयी विचारले असता येशूने सूटपत्राची सवलत ही माणसांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मिळालेली आहे, असे सांगितले आणि स्त्रीपुरुषांच्या मूळ एकदेहत्वाचा दाखला दिला. मार्क (१० : २–१२) व लूक (१६ : १८) यांच्या शुभवर्तमानांत हा निषेध बिनशर्त आहे, मत्तयाच्या शुभवर्तमानात (५ : ३२, १९ : ९) मात्र एक अपवाद आढळतो. तेथील ‘पोर्निया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ व्यभिचार, विवाहपूर्व अनाचार, की निषिद्ध नात्यातील विवाह, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. अख्रिस्ती जोडीदार आपण होऊन सोडून गेला, तर ख्रिस्ती व्यक्ती बांधलेली राहत नाही, असे सेंट पॉलने म्हटले आहे (१ करिंथ ७ : १५). यास पुढे ‘पॉलीय विशेषाधिकार’ अशी संज्ञा मिळाली.

रोमन कॅथलिक चर्च : सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याने अपत्य, निष्ठा व संस्कार ही विवाहाची तीन श्रेये सांगितली. पाश्चात्त्य चर्चमधील अविच्छेद्यतेचा सिद्धांत मुख्यतः याच विचारावर उभा राहिला आणि ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये त्यास दुजोरा दिला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीपुरुषांचा विधिवत झालेला व समागमाने पूर्ण झालेला विवाह मृत्यूखेरीज कशानेही संपत नाही. तथापि मुक्त संमतीचा अभाव, जबरदस्ती वा भीती, मानसिक असमर्थता, अपत्ये होऊ न देण्याचा निश्चय अशा कारणांनी तो आरंभापासूनच शून्य होता, असा निर्णय धर्मन्यायालय देऊ शकते. हा घटस्फोट नव्हे. त्यामुळे त्या संबंधातील अपत्ये अनौरस ठरत नाहीत. पूर्वी यासाठी दोन न्यायालयांचे एकसारखे निर्णय लागत. ही अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढून टाकली.

केवळ दिवाणी घटस्फोट झालेल्या कॅथलिक व्यक्तीस ख्रिस्तप्रसाद नाकारला जात नाही, ही गोष्ट अनेकदा ध्यानात घेतली जात नाही. अडचण येते ती पुनर्विवाहानंतर. अशा दांपत्याने संयमाने राहिल्यासच ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये प्रतिपादिले. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मूळ सिद्धांत न बदलता प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विवेक करण्यावर भर दिला. त्याच्या अर्थावरून चर्चमध्ये तीव्र वाद झाला.

इतर पंथ : ऑर्थोडॉक्स ईस्टर्न चर्च विवाहास संस्कार मानते, परंतु मानवी दुर्बलतेमुळे तो मृतवत होऊ शकतो, अशी त्याची धारणा आहे. अनुकंपेने दुसऱ्या व क्वचित तिसऱ्या विवाहास ते परवानगी देते. मात्र त्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) व जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) यांनी विवाहाचे संस्कारत्व नाकारले. व्यभिचार व परित्याग या कारणांवरून घटस्फोट आणि निर्दोष जोडीदाराचा पुनर्विवाह प्रॉटेस्टंटांनी सामान्यतः मान्य केला. चर्च ऑफ इंग्लंडने मात्र जुनी परंपरा दीर्घकाळ जपली आणि अपवादात्मक परिस्थितीत चर्चमध्ये पुनर्विवाह लावण्यास २००२ मध्ये संमती दिली.

भारतातील स्थिती : धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस विवाहमुक्त होता यावे, म्हणून १८६६ मध्ये कायदा झाला, पॉलीय विशेषाधिकाराचेच ते एक विधिरूप होय. १८६९ चा भारतीय घटस्फोट अधिनियम इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यावर बेतलेला होता. त्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे असे; पत्नीला मात्र सामान्यतः व्यभिचाराबरोबर क्रूरता वा परित्यागही सिद्ध करावा लागे. या भेदास येशूच्या वचनात आधार नाही. मार्कच्या शुभवर्तमानात पती व पत्नी यांना एकच नियम लावलेला आहे. इंग्लंडने ही विषमता १९२३ मध्ये दूर केली. भारतात मात्र ती टिकून राहिली व अत्याचारी पतीपासून ख्रिस्ती स्त्रीची सुटका दुष्कर झाली. केरळ (१९९५) व मुंबई (१९९७) उच्च न्यायालयांच्या निर्णयांनंतर २००१ च्या दुरुस्तीने पतिपत्नींना समान कारणे मिळाली आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोय झाली.

धर्मन्यायालयाच्या शून्यतेच्या निर्णयास या अधिनियमाखाली दिवाणी घटस्फोटाचे बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा असल्याने तेथील व्यवस्था वेगळी आहे. अन्यत्र, चर्चमध्ये पुन्हा विवाह करू इच्छिणाऱ्या घटस्फोटित कॅथलिक व्यक्तीस दोन्ही न्यायालयांचे निर्णय मिळवावे लागतात : धर्मन्यायालयाच्या निर्णयाविना चर्च तिला विवाहित मानते, तर दिवाणी निर्णयाविना कायदा.