विडी सुटते, पण एकट्याने कशाला?

या सदरात आजवर मधुमेहापासून मूळव्याधीपर्यंत बऱ्याच विषयांवर लिहिले. आज लिहितो आहे ते थोडेसे माझ्याच चुकीविषयी आहे.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. एस.टी.चे एक चालक दवाखान्यात आले. वय अडतीस. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचे बोट शेंड्याला काळे पडले होते. बूट चावला असावा, असे त्यांना वाटत होते. खोदून विचारल्यावर बाकीचे बाहेर आले. वर्षभर चालताना पोटरीत गोळा येत होता, दोनशे पावलांवर थांबावे लागत होते. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच डोळा लागत होता. साखर तपासली, ती ठीक होती. शर्टाच्या खिशात विडीचे बंडल आणि काडेपेटी होती. पायाची नाडी माझ्या बोटांना लागेना.

या रोगाला बर्जरचा रोग म्हणतात. लिओ बर्जर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९०८ साली त्याचे वर्णन केले. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. तो बहुधा तरण्याताठ्या, तंबाखू घेणाऱ्या माणसांना होतो. आपल्याकडे विडी ओढणाऱ्यांत तो शल्यचिकित्सकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. विडी पूर्ण सुटली तर पाय बहुतेक वेळा वाचतो. दिवसाला एक-दोन चालू राहिल्या तरी रोग पुढे सरकत राहतो. इथे "कमी केली" याला अर्थ नाही.

मी त्यांना समोर बसवून खडसावले. "पाय हवा की विडी?"

"पाय, डॉक्टरसाहेब. दोन लेकरं आहेत."

चिठ्ठी घेऊन ते बाहेर पडले. दोन मिनिटांनी खिडकीतून पाहिले, तर दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी विडी पेटवली होती. हात थरथरत होता. मला आधी राग आला. राग ओसरल्यावर जे वाटले ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. सव्वीस वर्षे मी चिठ्ठीच्या तळाशी "धूम्रपान बंद करा" असे लिहून खाली रेघ ओढत आलो. ताप आलेल्याला मी "ताप उतरवा" असे लिहून देत नाही, गोळी देतो. विडीवाल्याला मात्र नुसता हुकूम देत होतो.

विडीचा धूर छातीत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते आणि बरे वाटते. दोनेक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते. मग चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष नाही, आणि हात खिशाकडे जातो. वर्षानुवर्षे हे चालले की मेंदूची घडणच त्या निकोटिनला सरावते. अशा माणसाला "मन घट्ट करा" म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून धीर देणे. कोणाचीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभराने तीन ते पाच जणांचीच सुटलेली राहते, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून दिसले आहे. बाकीचे नालायक असतात असे थोडेच?

विडीबद्दल एक गैरसमज इथेच निस्तरतो. "विडी म्हणजे झाडाचं पान, सिगारेटपेक्षा बरी," असे लोक म्हणतात. तेंदूच्या पानातून हवा नीट आत येत नाही. विडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. तंबाखू थोडी असली तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर पोटात जातो. स्वस्त आहे, एवढाच तिचा गुण.

जूनमध्ये आमच्या चालकांचे ते बोट काढावे लागले. मी त्यांना पाहायला जिल्हा रुग्णालयात गेलो, तेव्हा दंतविभागाशेजारी एका दारावर पाटी दिसली: तंबाखू मुक्ती केंद्र. मी तिथून अनेकदा गेलो असेन, पण पाटी वाचली नव्हती. देशात अशी पहिली तेरा केंद्रे २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने निघाली. पुढे २००७-०८ पासून राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय आली. पैसे लागत नाहीत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफतच आहेत.

लोक तिथे का जात नाहीत, हे त्या समुपदेशक बाईंनीच सांगितले. बऱ्याच जणांना ते दारुड्यांना कोंडून ठेवण्याचे ठिकाण वाटते. कोणी ओळखीचा पाहील अशी लाज वाटते. प्रत्यक्षात तिथे एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट. कोंडायला दाराला धड कडीही नव्हती!

चालकांना मी तिथे घेऊन गेलो आणि कोपऱ्यात बसलो. बाईंनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली विडी किती वेळाने?" फागरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. पाच मिनिटांच्या आत असेल तर व्यसन खोल आहे असे समजावे. चालक म्हणाले, "पाच मिनिटं कुठली, चूळ भरायच्या आधी." मग एका छोट्या यंत्रात फुंकायला लावले. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड त्यावर आकड्यात दिसतो. आकडा आला २१. न ओढणाऱ्याचा साधारण सहाच्या आत असतो. स्वतःच्या छातीतला धूर असा आकड्यात पाहून माणूस गप्प होतो. माझ्या सव्वीस वर्षांच्या रेघांनी ते साधले नव्हते.

मग एक कागद दिला. आठवडाभर प्रत्येक विडी लिहायची. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, तलफ किती. सोडायची नाही, फक्त लिहायची. पुढच्या आठवड्यात कागद आला तेव्हा रोजच्या अठ्ठावीस विड्यांचा नकाशाच समोर आला. सकाळी पोट साफ होण्यासाठी दोन. डेपोतल्या चहाबरोबर एकेक. गाडी बिघडून रस्त्यात उभी राहिली की तीन-चार. आणि सर्वांत जास्त मुक्कामी गाडीच्या रात्री, वाहकाबरोबर गप्पा मारताना. यातल्या दहा-बारा तर तलफ नसताना, नुसत्या सवयीने ओढलेल्या होत्या.

पोट साफ होण्याचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. निकोटिनने आतड्याला चालना मिळते हे खरे आहे, आणि विडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होते हेही खरे. त्यापायीच कित्येक जण चौथ्या दिवशी परत फिरतात. बाईंनी पहाटे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि पेरू सांगितला. ते आठवडाभरात मार्गी लागले.

औषधाची बाब जरा सविस्तर सांगतो. निकोटिनची चघळण्याची गोळी, म्हणजे गम, अशा केंद्रांत दिली जाते. दुकानातही मिळते. तिचा जन्म स्वीडनचा. पाणबुडीत धूम्रपानाला बंदी, तेव्हा खलाशी तंबाखू चघळून वेळ काढत. ते पाहून ही कल्पना निघाली. गोळी दोन आणि चार मिलिग्रॅमची असते. आपले लोक ती चुइंगमसारखी कचाकचा चावतात. मग उचकी लागते, पोटात जळजळते आणि "हे काही आपल्याला मानवत नाही" म्हणून टाकून देतात. ती हळू चावायची, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा चार वेळा चावायची. अर्धा तास असे चालवायचे. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबू सरबत घ्यायचे नाही, नाहीतर निकोटिन तोंडातून शोषलेच जात नाही.

पण आमच्या चालकांना ती दिली नाही. बर्जरच्या रोगात निकोटिन कोणत्याही वाटेने शरीरात जाणे टाळलेले बरे. म्हणून केंद्राच्या डॉक्टरांनी बुप्रोपिऑनच्या गोळ्या दिल्या. सोडण्याच्या ठरलेल्या दिवसाआधी आठवडाभर त्या सुरू करायच्या असतात. फिट्स येणाऱ्यांना त्या चालत नाहीत. झोप कमी होते, तोंड कोरडे पडते. प्रत्येक केंद्रात सगळी औषधे नेहमी असतीलच असे नाही, आणि ही चिठ्ठी वाचून कोणी आपल्या मनाने दुकानातून घेऊ नये.

सोडायचा दिवस कोणता? त्यांच्या मंडळींनी आषाढी एकादशी सुचवली. १७ जुलै २०२४. आदल्या रात्री बंडल, काडेपेट्या आणि उशाखालची राखेची वाटी घराबाहेर गेली.

तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. तलफ ही लाटेसारखी असते. पाच-दहा मिनिटांत ती ओसरते, मग विडी ओढा वा न ओढा. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्यायचे, बडीशेप चघळायची, खोल श्वास घ्यायचा, उठून दुसरीकडे जायचे. त्यांनी लेकीला पाढे म्हणायला बसवले होते. एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत लाट जाते, असे त्यांनी मला गंभीरपणे सांगितले.

दोन महिने उत्तम गेले. पाय भरून आला, यंत्रावरचा आकडा तीनवर आला, ते कामावर रुजू झाले आणि पहिल्याच मुक्कामी गाडीच्या रात्री घसरले. वाहकाने पुढे केलेल्या विडीला नाही म्हणवले नाही. एक झाली, दुसरी झाली. "आता गेलंच सगळं" म्हणून तिसरी घेताना बंडलावरच्या भयंकर चित्राखाली छापलेल्या क्रमांकाकडे लक्ष गेले. १८००-११-२३५६. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय फोनसेवा. २०१८ च्या सप्टेंबरपासून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापणे सक्तीचे आहे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, सोमवारी बंद असते. तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. त्यांनी तिसरी विडी खाली ठेवली आणि सकाळी आठला, गाडी सुटण्याआधी, फोन लावला.

पलीकडच्या माणसाने "का ओढली?" असे विचारलेच नाही. म्हणाला, "दोनवर थांबलात ना? आजचा दिवस ठरवू या." मग ठराविक दिवसांनी तिकडूनच फोन येत राहिले. घसरणे म्हणजे अपयश नव्हे. बहुतेकांची विडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही.

आपल्या राज्यात ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे फार. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू, मिश्री, गुटखा तोंडात धरणारे २४.४ टक्के प्रौढ आढळले. हे केंद्र आणि हा फोन त्यांच्यासाठीही आहे. मिश्रीवाल्या आजीबाईंनी संकोच करू नये.

आणि "साठी उलटली, आता सोडून काय मिळवायचं?" असे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा. ब्रिटनमध्ये डॉक्टरांचीच पन्नास वर्षे पाहणी झाली, २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षे आयुष्य अधिक लाभले, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ.

माझ्या चिठ्ठीवरची ती अधोरेखित ओळ आता गेली. तिच्या जागी केंद्राची वेळ आणि फोनचा क्रमांक असतो, आणि महिन्याभराने मी विचारतो. काही जण गेलेले असतात, काही नसतात. नसतात त्यांना पुन्हा विचारतो.

परवा चालक दवाखान्यात आले. नऊ बोटांवर व्यवस्थित चालत होते. मागे एक अवघडलेला माणूस उभा होता.

"डॉक्टरसाहेब, हे आमचे वाहक," ते म्हणाले. "पहिली विडी उठल्यावर दहा मिनिटांनी. कागद लिहून आणलाय."