नव्याचे तोरण

आश्विनाचा प्रारंभ होऊन पावसाची अखेरची सर ओसरते, भुईतला ओलावा कायम असतानाच आकाश निवळते आणि कोकणातील हळव्या भाताची शेते पिवळी पडू लागतात, तेव्हा सणासाठी घर सजविण्यास लागणारा बहुतेक सारा सरंजाम बांधावर, परसात आणि कुंपणाच्या कडेला आपण होऊन सिद्ध झालेला असतो. गृहस्थाने तजवीज करावयाची ती एका कोयतीची, मूठभर सोपटांची आणि एका रिकाम्या दुपारची.

रत्नागिरीकडे कोठे दसऱ्यास, तर कोठे नवान्न पौर्णिमेस दारावर ‘नवे’ बांधण्याचा शिरस्ता आहे. आंब्याच्या पानाच्या कुशीत भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, वरीची काडी, कुरडूचा तुरा आणि झेंडूचे फूल ठेवून केळीच्या सोपटाने आवळलेली ही जुडी चौकटीवर तर चढतेच, पण देव्हारा, नांगर, विहिरीचा रहाट आणि धान्याची कणगी यांनाही बांधली जाते. वरकरणी केवळ धार्मिक वाटणाऱ्या या निवडीत पदार्थांच्या गुणधर्मांची केवढी सूक्ष्म पारख आहे, हे मला फार उशिरा उमगले. आंब्याचे पान जाड, चिवट आणि मेणचट असल्यामुळे वाळले तरी लगेच चुरत नाही, नुसते तपकिरी होऊन आत वळते. कुरडूच्या तुऱ्यातील दले मुळातच कागदासारखी कोरडी असल्यामुळे त्यांचा घाट महिनोन्महिने टिकतो. लवकर कोमेजतो तो झेंडू. आणि ज्याच्यावाचून आपल्याला दसऱ्याची कल्पनाही करवत नाही, तो हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या भूमीत रुजलेला पाहुणा आहे. तो वाळला तरी फेकू नये, कारण त्याच्याच पोटात पुढल्या हंगामाचे बी असते.

नव्याहून अधिक कौशल्याचे काम लोंब्यांच्या तोरणाचे. भात करकरीत वाळल्यावर कापले, तर वळताना काडी मोडते आणि दाणे गळतात. म्हणून दाणा भरून पिवळा झाला आहे, पण काडीत हिरवी झाक अद्याप शिल्लक आहे, असा नेमका अवधी साधावा लागतो. कोयती लावावयाची ती शेवटच्या गाठीच्या जरा वर, कारण भाताच्या ताटाचे सर्वांत वरचे पेर सर्वांत लांब असते आणि वेणीला हवी असते ती हीच बिनगाठीची, अखंड लांबी. तीन-तीन काड्यांचे तीन पेड घेऊन वेणी घालू लागावे, दर वळशाला एक नवी लोंबी बाहेरच्या पेडात सरकवून तिचे कणीस खाली मोकळे सोडावे, आणि चौकटीच्या रुंदीहून वीतभर अधिक झाल्यावरच टोके बांधावीत. ही वीत वाळताना आकसण्याची बेगमी होय. काड्या वाळल्या असतील, तर केवळ काडीचा भाग ओल्या फडक्यात घटकाभर गुंडाळावा; कणसाला पाणी लागले की बुरशी धरते. तोरण उन्हात न टाकता वाऱ्यावर, सावलीत वाळविले म्हणजे त्याचे सोने उतरत नाही. माझी आजी हे सारे अंधारात, माजघरात बोलत बसल्या बसल्या करीत असे, आणि तिच्या वेणीत एकही काडी सैल सापडत नसे.

या भाताचे तूसही वाया जात नाही. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो आणि त्यात वाळूतील सिलिका विपुल असते. म्हणून ते मोकळ्या हवेत मंद धगीवर पुरते जळू दिले की पांढरी राख उरते, आणि वस्त्रगाळ केल्यावर तीच अंगणातली रांगोळी होते. ढीग झाकून घाई केली, तर राख काळी राहते. खाली सारवणावर गेरूचा पट्टा ओढला की रेघ उठून दिसते. बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील घरी करणारांनी खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद घालावा, म्हणजे कसर लागत नाही. मात्र मोरचूद विषारी असल्याने ते भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

एका बाबतीत मात्र मन विषण्ण होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरांच्या मंडईत आपट्याच्या म्हणून ज्या फांद्यांचे भारे येतात, त्यांत पुष्कळशी पाने कांचनाची असतात. आपट्याचे पान लहान, जाड आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते, हे ठाऊक असणारेही आता थोडेच. पान कोणतेही असो, त्यासाठी अख्खी फांदी ओरबाडणे हा झाडावर उघड जुलूम आहे. देठापाशी कात्री लावून मोजकी पाने घेतली, तर झाडाला त्याची खबरही लागत नाही.

आमच्या ओटीवरच्या तोरणाला दिवाळी सरते न सरते तोच चिमण्यांची नजर लागते. पहिल्याने एखादी येऊन कडेची लोंबी उसवते, मग थवा येतो, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत त्यात दाणा म्हणून उरत नाही. ती रिकामी वेणी आम्ही वर्षभर तशीच राहू देतो आणि पुढल्या आश्विनात नवे तोरण चढविताना उतरवून माडाच्या आळ्यात टाकतो.