आगीत तुळई टिकते, सांधा दगा देतो

कापडाच्या बाजारात आमची हयात गेली. मुंबईच्या जुन्या पेठांत आमच्यापैकी पुष्कळांची दुकाने सागवानी खांब-तुळयांच्या इमारतींत आहेत. माल ठेवायला आपण तेथे पोटमाळा काढतो आणि तो लोखंडी पट्ट्या व बोल्ट लावून तुळईला जोडतो. लाकूड जळते, लोखंड जळत नाही, तेव्हा जोड पक्का झाला असे आपण समजतो. ही समजूत चुकीची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गाळ्यात आग लागली. ती विझल्यावर आम्ही आत गेलो. तुळई वरून काळी पडली होती, पण जागेवर होती. पोटमाळा मात्र गाठींसह खाली आला होता. पट्ट्या वाकल्या होत्या, बोल्टांची भोके मोठी झाली होती. रात्री तेथे झोपणारा नोकर त्या दिवशी गावी गेला होता, म्हणून वाचला.

असे का होते? जाड लाकूड पेटले की त्यावर कोळशाचा थर चढतो आणि तो थर आतल्या लाकडाला उष्णतेपासून जपतो. लाकूड साधारणपणे मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत आत जाते. सागासारखे घट्ट लाकूड त्याहून सावकाश. म्हणजे अर्ध्या तासात एका बाजूने इंचभरही जात नाही. आठ इंची तुळईचा गाभा तोवर शाबूत असतो. लोखंडाचे तसे नाही. ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याची ताकद निम्म्याहून कमी होते, आणि भडकलेल्या आगीत एवढी उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच होते. शिवाय बोल्ट ही उष्णता लाकडाच्या पोटात नेतो. भोकाभोवतीचे लाकूड जळते आणि पकड सुटते. म्हणूनच युरोपच्या २००४ सालच्या नियमावलीत, युरोकोड ५ मध्ये, उघड्या खिळ्यांच्या व बोल्टांच्या लाकडी सांध्याला फक्त १५ मिनिटे धरली होती.

उपाय अवघड नाही. बोल्टचे डोके व नट लाकडात खोल बसवून वर लाकडी गट्टू सरसाने चिकटवावा. पट्टी तुळईच्या बाहेर न ठोकता चीर पाडून आत बसवावी. ते जमत नसेल तर सांध्यावर इंचभर जाडीची फळी किंवा जिप्समचा बोर्ड फट न ठेवता बसवावा. नुसता रंग मारून सांधा झाकला असे समजू नये. चीर वा खाच पाडल्याने तुळई कमजोर होते, म्हणून आधी इंजिनिअरला दाखवावे.

व्यापारी बांधवांनो, आजच दुकान बंद करण्यापूर्वी बॅटरी घेऊन माळ्याखालचा प्रत्येक सांधा पाहा. जेथे लोखंड उघडे दिसेल, तेथे दुरुस्ती होईपर्यंत वरचा माल कमी करा आणि कोणालाही त्याखाली झोपू देऊ नका. गाठी पुन्हा भरता येतात, माणूस नाही.