दोन मिलिमीटरचा फरक

मारुतीची जुनी डिझेल स्विफ्ट आणि फियाट पुंटो, या दोन गाड्यांच्या बॉनेटखाली एकच इंजिन होतं. फियाटचं 1248 सीसीचं मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात ते बनायचं आणि परवाना घेऊन मारुतीही ते बनवायची. इंजिनासारखी किचकट गोष्ट दोघींना वाटून घेता आली, पण चाक नाही. चाकाला भोकं दोन्हीकडे चारच, फक्त स्विफ्टमध्ये ती 100 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि पुंटोत 98 मिलिमीटरच्या.

या वर्तुळाच्या व्यासाला टायरच्या दुकानात ‘पीसीडी’ म्हणतात. अलॉय व्हील घ्यायला गेलं की पहिला प्रश्न तोच येतो. भोकं चार किंवा सहा असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं की झालं. पाच भोकांत समोरासमोर भोक येत नाही. तिथे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून त्याला 1.7ने गुणायचं. 67.2 मिलिमीटर भरलं तर पीसीडी 114.3 आणि 65.8 भरलं तर 112. साध्या फूटपट्टीवर हा फरक डोळ्याला सहज चकवतो.

आणि चकवलं तर काय होतं? 100चं अलॉय पुंटोच्या हबवर धरलं, तर पहिला बोल्ट हाताने फिरवून बसतो. तो पूर्ण आवळला की त्याचं भोक बरोबर मध्यावर येतं, पण समोरचं भोक तब्बल दोन मिलिमीटर सरकलेलं असतं. तिथल्या बोल्टचं निमुळतं डोकं भोकाच्या एकाच कडेला टेकतं. पान्याला मात्र तो घट्ट लागल्यासारखाच वाटतो. गाडी धावू लागली की चाक फिरेल तसा तो बोल्ट वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. तार वाकवून वाकवून तोडावी, तसाच हा प्रकार.

मुळात चाकाचे नट-बोल्ट गाडीचं वजन थेट पेलत नाहीत. चाक हबवर इतकं दाबून धरणं, की दोन पृष्ठभागांतलं घर्षणच सगळा भार आणि ब्रेकचा जोर सोसेल, हे त्यांचं काम. गाडी जड झाली की ही पकड वाढवावी लागते. म्हणजे जास्त बोल्ट, जाड बोल्ट किंवा मोठं वर्तुळ. जात्याचा खुंटा कडेजवळ का ठोकतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मोठ्या वर्तुळाचा फायदा वेगळा सांगायला नको. पण वर्तुळ वाढलं की हब आणि ब्रेकची डिस्कही वजनदार होते, लहान चाकात जागा पुरत नाही. म्हणूनच साधारण सहाशे किलोच्या टाटा नॅनोला तीन नटांवर भागवता आलं. स्विफ्टला चार लागतात, इनोव्हाला 114.3च्या वर्तुळावर पाच आणि फॉर्च्युनरला 139.7वर सहा.

इथवर सगळं शास्त्राला धरून आहे. पण 98 आणि 100 यांतला फरक कुठल्याच शास्त्रातून निघत नाही. मर्सिडीजचे 112 आणि इनोव्हाचे 114.3 यांचंही तेच. हा सगळा वारसा आहे.

114.3 हा आकडा विचित्र दिसतो, कारण तो मिलिमीटरचा नाहीच. तो साडेचार इंच आहे. 139.7 म्हणजे साडेपाच इंच. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विलिस जीपची पाच भोकं साडेपाच इंचांवर होती आणि हीच जीप पुढे मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली. सुझुकीची जिप्सी आणि 2023मध्ये भारतात विक्रीला आलेली जिम्नी यांचंही माप पाच भोकं, 139.7 असंच आहे. युरोपात कारखाने मेट्रिकमध्ये विचार करत होते, म्हणून तिथे 98, 100, 108, 112 असे आकडे रुळले.

एकदा रुळलेलं माप किती चिवट असतं, ते रशियात दिसतं. सोव्हिएत काळात फियाटच्या परवान्यावर लाडा गाड्या बनू लागल्या आणि त्यांच्याबरोबर 98चं वर्तुळही गेलं. लाडा ग्रांटामध्ये ते अजून टिकून आहे. कंपनी रेनोच्या गोतावळ्यात आल्यावर बनलेल्या लाडा वेस्टामध्ये मात्र 100चं माप आलं.

माप इतकं चिवट राहतं, कारण ते बदलायचं तर एक भोक सरकवून भागत नाही. हब, ब्रेकची डिस्क नाहीतर ड्रम, चाक, स्टेपनी, सगळंच बदलतं आणि पुन्हा चाचण्या कराव्या लागतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत चाकाला लाखो फेरे वाकवून, दाबून, आपटून पाहतात. इतका खर्च करून ग्राहकाला नवं काय मिळणार? त्यामुळे कंपन्या हातातलं माप चालू ठेवतात. सुटे भाग विकण्यासाठी केलेला हा कट असावा, असं अनेकांना वाटतं. पण तसं असतं तर बाहेरच्या कंपन्यांची अलॉय व्हील्स गल्लोगल्ली मिळाली नसती.

टायरकडे पाहिलं तर उलट चित्र दिसतं. 185/65 आर 15 लिहिलेला टायर कुठल्याही कंपनीचा घ्या, त्या मापाच्या रिमवर बसतो. टायर झिजतो, वाटेत फुटतो, कुठल्याही गावात बदलावा लागतो, त्यामुळे तिथे एकमत होणं भागच होतं. मोठ्या ट्रकांनाही ते जमलं आहे. तिथे दहा बोल्ट आणि 335 मिलिमीटरचं आंतरराष्ट्रीय माप कित्येक कंपन्या वापरतात, कारण एकाच मालकाकडे चार कंपन्यांचे ट्रक असतात. मोटारगाडीच्या मालकाने असा आग्रह कधी धरलाच नाही.

तेव्हा चाक निवडताना जुळवाजुळव मालकालाच करावी लागते आणि फक्त पीसीडी जुळून पुरत नाही. मधलं मोठं भोक हबवर नेमकं बसायला हवं. ते स्विफ्टमध्ये 54.1, फोक्सवॅगनच्या बहुतेक गाड्यांत 57.1, फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत 63.4 मिलिमीटर असतं. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा याहून मोठं असतं. ती फट भरणारी कडी दुकानदाराकडून मागून घ्यावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. बोल्टचं डोकं निमुळतं की गोल, आटे जाड की बारीक, हेही पाहावं. भोक जुळत नाही म्हणून कानस घेऊन ते मोठं करून देणारा कुणी भेटलाच, तर चाक तिथेच ठेवून निघावं. सगळं जुळून चाक बसलं, की शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.