पाऊण किलोचा रोगी



रविवारची सकाळ आहे अशी कल्पना करा. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या इमारतीत, गॅलरीतल्या खोक्यात एक गिनीपिग अंग फुगवून कोपऱ्यात बसला आहे. एरवी कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की शिट्टीसारखा ओरडून घर डोक्यावर घेणारा हा प्राणी आज गवताच्या काडीलाही तोंड लावीत नाही. मधूनच शिंकतो. डोळ्यांच्या कडा चिकट झाल्या आहेत. जवळचा पशुवैद्य आज नाही. मात्र घरच्या कपाटात धाकट्या भावाच्या घशासाठी आणलेली औषधाची अर्धी बाटली उरली आहे. औषध अमॉक्सिसिलिनचे, गोड चवीचे. दोन वर्षांच्या मुलाला जे चालते, त्याचे चार थेंब गिनीपिगला दिले तर काय बिघडले?

पुष्कळ बिघडते. शिंकांनी कदाचित मेला नसता तो प्राणी त्या चार थेंबांनी चारपाच दिवसांत मरू शकतो. (एकदा पाणी घालून तयार केलेले हे औषध आठवड्या-दोन आठवड्यांत टाकूनच द्यायचे असते, म्हणजे ती बाटली तुमच्या भावाच्याही उपयोगाची नाही; पण ते असो.) माणसाला तारणारे औषध या प्राण्याला का मारते, आणि मग त्याला औषध द्यायचे तरी कसे, हे आज आपण पाहू.

गिनीपिग हे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. हा डुकराच्या कुळातला नाही आणि आफ्रिकेतल्या गिनीचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला, उंदीर-खारींप्रमाणे कुरतडणाऱ्या गटातला प्राणी. तिथल्या लोकांनी तो काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवला, तोही मांसासाठी. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम भरते.

इंजेक्शनच्या सुईशी त्याची ओळख जुनी आहे, आणि त्या ओळखीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९२ साली पॅरिसमध्ये पटकीची लस तयार केली, तेव्हा पटकीचे जंतू एका गिनीपिगच्या उदरपोकळीतून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या उदरपोकळीतून तिसऱ्याच्या, असे नेऊन त्यांनी त्यांचा जोर वाढवला होता. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि हाफकिन इथे आले. प्लेगची लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात गेली. तीच आजची हाफकिन संस्था. प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो हे पक्के करण्यासाठी मुंबईत जे प्रयोग झाले, त्यांतही गिनीपिगच होते.

त्याच काळात जर्मनीत पाउल एर्लिख यांनी घटसर्पाच्या विषाचे मोजमाप ठरवले. त्यांचे माप असे होते : २५० ग्रॅम वजनाच्या गिनीपिगला चार दिवसांत मारणारी विषाची कमीत कमी मात्रा. वाचताना अंगावर काटा येतो खरा, पण त्या मापातला एक शब्द निसटू देऊ नका. एर्लिख नुसते ‘गिनीपिग’ म्हणत नाहीत. ‘२५० ग्रॅमचा गिनीपिग’ म्हणतात. मात्रा आणि वजन ही जोडी त्यांनी सोडली नाही. विष मोजताना जे खरे, ते औषध मोजताना अधिकच खरे.

म्हणून पहिले काम म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा असतो ना, त्यावर एक टोपली ठेवून हे काम सहज होते. तुमच्या वडिलांचे वजन ६४ किलो आणि गिनीपिगचे ८०० ग्रॅम असेल, तर तो त्यांच्या ऐंशीव्या भागाएवढा आहे. मग गोळीचे ऐंशी तुकडे करून एक द्यायचा का? तसे नाही. लहान प्राण्याच्या शरीरातले व्यवहार वेगाने चालतात. गिनीपिगचे हृदय मिनिटाला दोनशेहून अधिक ठोके देते, तुमचे सत्तर-ऐंशी. काही औषधे त्याच्या शरीरातून लवकर निघून जातात, तर काही त्याला मुळीच सोसत नाहीत. म्हणून माणसाची मात्रा भागून त्याची मात्रा काढता येत नाही. पशुवैद्य प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्र कोष्टक वापरतो.

आकडेमोड मात्र तुम्हालाही करून पाहता येईल. समजा, पशुवैद्याने एक औषध किलोमागे ५ मिलिग्रॅम द्यायला सांगितले. ८०० ग्रॅमच्या गिनीपिगला ४ मिलिग्रॅम लागेल. बाटलीवर लिहिले आहे, १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणजे द्यायचे ०.४ मिलिलिटर. इथे दशांश चिन्ह एक घर सरकले की ४ मिलिलिटर होतात, दहापट! याहून कपटी चूक सिरिंजमध्ये लपलेली असते. बारीक माप हवे म्हणून पुष्कळजण आजोबांची इन्शुलिनची सिरिंज घेतात. आपल्याकडे ती दोन प्रकारची मिळते. एकीवर १ मिलिलिटरचे ४० भाग, दुसरीवर १ मिलिलिटरचे १०० भाग. ‘४० पर्यंत भर’ असे ऐकून पहिलीत भरले तर १ मिलिलिटर जाईल, दुसरीत भरले तर ०.४. तेव्हा ‘किती रेघा’ हे कधी विचारू नका. ‘किती मिलिलिटर’ हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आता त्या बाटलीकडे वळू. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले. त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. ते चार जगले, उरलेले चार त्या रात्रीतच मेले. इथून पेनिसिलिनची विजययात्रा सुरू झाली. पण तीनच वर्षांनी, १९४३ साली, संशोधकांना आढळले की हेच औषध टोचलेले गिनीपिग मरत आहेत. फ्लोरींच्या पिंजऱ्यात त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग असते तर? ‘औषध विषारी आहे’ असे म्हणून ते बाजूला पडले असते का, हा प्रश्न वैद्यकात वारंवार चर्चिला गेला आहे.

उत्तर गिनीपिगच्या पोटात आहे. हा प्राणी गवतावर जगतो, आणि गवत पचवणे हे एकट्या प्राण्याचे काम नव्हे. त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला अंधांत्र नावाची ऐसपैस पिशवी असते. आतड्यांत जेवढा ऐवज असतो त्याचा निम्म्याहून अधिक भाग या एका पिशवीत मावतो. तिथे कोट्यवधी जंतू गवत आंबवून त्याचे अन्न तयार करतात. (त्याचा पुरेपूर उपयोग व्हावा म्हणून गिनीपिग आपल्या मऊ लेंड्या परत खातो. ते पाहून किळस करू नका.) पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, एरिथ्रोमायसिन ही औषधे या उपकारी जंतूंना मारतात. पीक कापले की मोकळ्या शेतात तण माजते, तसे मग दुसरेच जंतू तिथे माजतात. त्यांतले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू जहाल विष सोडतात. पोट फुगते, जुलाब होतात, प्राणी थंड पडतो. ही औषधे तोंडावाटे दिल्यास धोका अधिक, पण सुईने दिली म्हणून निर्धोक होत नाहीत. गिनीपिगला सोसणारी वेगळी प्रतिजैविके आहेत. ती पशुवैद्याला ठाऊक असतात आणि त्यानेच द्यायची असतात.

इंजेक्शनही त्यानेच द्यायचे. तुम्ही स्वतः सुई हाती घेऊ नका, हे स्पष्टच सांगतो. पण प्राणी धरण्याचे काम बहुधा तुमच्यावरच येते, आणि निम्मे यश धरण्यात असते. एक हात पुढच्या पायांमागे छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली. सगळा भार तळहातांवर. पोट आवळू नका. कातडी धरून उचलू नका. टेबलावर टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत. गिनीपिग मांजरासारखा पायांवर पडत नाही. टेबलावरून पडला तर त्याची हाडे मोडतात.

बहुतेक औषधे कातडीखाली दिली जातात. खांद्यामागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि बारीक सुई तंबूच्या पायथ्याशी, अंगाला समांतर घालायची. मानेवरची कातडी चामड्यासारखी जाड असते, तिथे सुई अडते; म्हणून पुष्कळ पशुवैद्य कूस पसंत करतात. दट्ट्या किंचित मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येत नाही ना, हे पाहायचे. मग औषध सोडायचे. सुई चिमटीच्या आरपार गेली असेल तर बाहेरचे केस ओले होतात; ते पाहणे तुमचे काम, कारण तेव्हा औषध पोचलेलेच नसते. सलाइन द्यायचे असेल तर ते आधी कोमट पाण्यात बाटली धरून अंगाइतके ऊन करतात. पाऊण किलोच्या जिवात थंडगार पाणी भरले तर तो गारठेल.

मांडीच्या स्नायूत इंजेक्शन देणे याहून अवघड. मांडी तुमच्या अंगठ्याएवढी. एका जागी ०.३ मिलिलिटरपेक्षा अधिक औषध घालू नये असा संकेत आहे. मांडीच्या मागच्या बाजूने मोठी चेता जाते. तिला सुईचा किंवा झोंबऱ्या औषधाचा धक्का बसला तर पाय लुळा पडतो, आणि प्राणी बधिर झालेली आपलीच बोटे कुरतडून खातो. शिरेत इंजेक्शन देणे तर सर्वांत कठीण. उंदराला शेपटीतल्या शिरेत टोचता येते. गिनीपिगला शेपूटच नाही!

तोंडाने औषध द्यायचे असेल तेव्हा सुई काढलेली सिरिंज वापरतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. तिथे बाजूने टोक घालून थेंब थेंब सोडायचे आणि त्याला गिळू द्यायचे. घशात जोराने पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जाईल. गिनीपिगला उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकून जास्त गेलेले औषध परत येत नाही.

आजारी गिनीपिगला आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे क जीवनसत्त्व. कुत्रा, मांजर, उंदीर ते आपल्या शरीरातच बनवतात. गिनीपिगला ते जमत नाही, तुम्हाआम्हालाही नाही. या बाबतीत तो आपला भाऊबंदच. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि या जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट उघडली. ते कमी पडले की बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. मग सुईच्या जागी रक्त साकळते आणि जखम भरत नाही. निरोगी गिनीपिगला रोज किलोमागे १० मिलिग्रॅम पुरते. आजाऱ्याला पशुवैद्य त्याच्या दोनतीन पट देतो. ते पिण्याच्या पाण्यात मिसळू नका, कारण तिथे ते लवकर नाश पावते. ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, पेरूचा लहान तुकडा हे अधिक भरवशाचे.

तर रविवारच्या त्या सकाळी करायचे काय? बाटली कपाटात परत ठेवा. प्राण्याचे वजन करा आणि लिहा. शेवटी केव्हा खाल्ले, लेंड्या किती, हेही लिहा. गिनीपिगने बारा तास काही खाल्ले नाही तर ती तातडीची बाब समजा. त्याचे आतडे थांबले की सुरू करणे कठीण असते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. घाटकोपर-मुलुंडकरांना मध्य रेल्वेचे परळ, अंधेरी-बोरिवलीकरांना पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी स्थानक जवळ पडेल. निघण्यापूर्वी घरच्या मोठ्यांना फोन करायला सांगा, आणि गिनीपिग पाहणारे डॉक्टर तिथे किंवा तुमच्या उपनगरात केव्हा भेटतील ते विचारा. मे किंवा ऑक्टोबर असेल तर ऊन चढण्याआधी निघा. तिशीच्या वरचे तापमान त्याला सोसत नाही. बंद खोक्यात, गर्दीच्या डब्यात तो दवाखान्यात पोचण्यापूर्वीच उष्माघाताने जाऊ शकतो. खोक्याला भरपूर भोके पाडा, आत गवत ठेवा.

घरी परत आल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ बसा. सुईच्या जागी सूज आली का, तो त्या पायावर नीट भार देतो का, ते पाहा. वापरलेली सुई कचऱ्यात टाकू नका. जाड झाकणाच्या डब्यात ठेवून दवाखान्यात परत द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळी पुन्हा वजन करून कालच्या आकड्याखाली लिहा. आकडा पाच-दहा ग्रॅमने इकडेतिकडे झाला तर काळजी नको. तो रोज घसरू लागला तर वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.